सहावा प्रश्न

कॉलेजच्या मागच्या गेटसमोर ऑल्टरेशनचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा, एक मशीन, एक स्टूल आणि भिंतीला टेकवलेला आरसा ज्यात फक्त गुडघ्यापासून खालचं दिसतं. तिथल्या काकू माणसांना मापावरून ओळखतात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, चेहऱ्याकडे त्या बघतच नाहीत, मान खाली घालून तोंडात टाचण्या धरून बोलतात आणि तरी प्रत्येक शब्द नीट कळतो. मी त्यांच्यासाठी अठ्ठावीस. माझी मैत्रीण छत्तीस, तिला ते अजिबात आवडत नाही. एकदा आमचे इंग्रजीचे सर पँटची कंबर सैल करायला आले तर काकू म्हणाल्या, "चौतीसचे अडतीस झालात सर, लग्न मानवलं." सर तेव्हापासून लांबच्या गेटने जातात.

काकू त्रेपन्न वर्षांच्या. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीबरोबर राहतात, तिला अक्का म्हणतात. अक्का दहा वर्षांनी मोठी, शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आता रिटायर. एकोणिसाव्या वर्षी काकू गणवेशाच्या कारखान्यात लागल्या आणि नऊ वर्षं फक्त कॉलर शिवल्या. "अख्खा शर्ट कसा दिसतो ते मला दुकान टाकल्यावर कळलं," असं सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. नवीन कपडा मात्र शिवत नाहीत. मी एकदा ड्रेसचं कापड घेऊन गेले तर परत पाठवलं. म्हणाल्या, "नवीन शिवायला हिंमत लागते बाई. आपलं दुरुस्तीचं बरं."

हे सगळं मी का लिहितेय ते सांगते. त्यांना लॅबमध्ये मी नेलं.

सेकंड इयरला डिपार्टमेंटच्या बोर्डवर कागद लागला होता. स्मरणशक्तीवरच्या अभ्यासासाठी विद्यार्थी सहाय्यक हवेत, आठवड्याला सहा तास, पगार नाही, सर्टिफिकेट मिळेल. मी पूर्ण वाचलाही नाही, तिथेच उभ्या उभ्या मेल करून टाकला. मी अशीच आहे, आधी उडी मारते मग बघते खाली काय आहे. लॅब तिसऱ्या मजल्यावर, दोन छोट्या खोल्या. आतल्या खोलीत दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर रेकॉर्डर. भिंतीवर घड्याळ नाही, मुद्दाम काढलेलं, समोरच्याने वेळ बघू नये म्हणून. लॅब आमच्या सायकॉलॉजीच्या मॅडमची, पण आम्हाला शिकवायची ती पीएचडी करणारी ताई. तिच्या हातात कायम यादी आणि पेन, काही केलं की टिक, पाणी प्यायली तरी टिक मारत असेल असं आम्ही म्हणायचो.

अभ्यास असा होता. पंचेचाळीसच्या वरची माणसं घ्यायची. त्यांच्या घरच्या कुणाला तरी फोन करून त्यांच्या लहानपणीच्या तीन खऱ्या गोष्टी विचारायच्या. मग त्यांना चार गोष्टी लिहिलेला कागद द्यायचा, तीन खऱ्या आणि एक आम्ही बनवलेली. बनवलेली सगळ्यांना एकच: तुम्ही साधारण सहा वर्षांचे असताना बाजारात हरवलात, खूप रडलात, शेवटी एका म्हाताऱ्या बाईने तुम्हाला घरच्यांकडे आणून सोडलं. आठवड्याच्या अंतराने तीनदा बोलावून विचारायचं, काय काय आठवतंय. काही माणसांना न घडलेलंही आठवायला लागतं. किती जणांना आणि कसं, तेच तर बघायचं होतं. शेवटी त्यांना बसवून खरं सांगायचं, चौथी गोष्ट आमची होती, माफ करा. सगळ्याला कॉलेजच्या समितीची परवानगी होती.

घरच्यांना करायच्या फोनसाठी सहा प्रश्नांचा फॉर्म होता. शेवटचा, सहावा: ह्या व्यक्तीच्या लहानपणी घरातलं कुणी बाजारात किंवा गर्दीत हरवलं होतं का? उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला घ्यायचंच नाही.

मी अक्कांना फोन केला तेव्हा त्यांनी तीन गोष्टी भराभर सांगितल्या. जिन्यावरून पडून दात तुटला, आठव्या वर्षी स्वतःचे केस कात्रीने कापले, शाळेत नाटकात झाड झाली होती. मग म्हणाल्या, "झालं ना, दूध वर येतंय," आणि ठेवला. मला अजून सात फोन करायचे होते. मी सहाव्या प्रश्नासमोर 'नाही' वर टिक केली. म्हटलं कोण हरवतं बाजारात, हरवलं असतं तर सांगितलंच असतं की.

पहिल्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, गळ्यात मापाचा टेप तसाच. मी म्हटलं टेप राहिलाय, तर म्हणाल्या असू दे, काढला की हलकं हलकं वाटतं. कागद वाचून त्या दाताबद्दल बोलल्या, केसांबद्दल बोलल्या, झाडाबद्दल बोलताना इतक्या हसल्या की डोळे पुसले. चौथ्याला थांबल्या.

"हे अक्काने सांगितलं?"

"तुमच्या घरून मिळालेल्या माहितीवरून लिहिलंय," मी म्हटलं. हे वाक्य ठरलेलं होतं, तेवढंच म्हणायचं.

"मला नाही बाई आठवत."

"हरकत नाही. रोज दहा मिनिटं डोळे मिटून आठवून बघा. पण अभ्यास संपेपर्यंत घरी कुणाशी बोलू नका हं."

"मी आणि अक्का तशाही काय बोलतो. मीठ जास्त झालं, मीठ कमी झालं."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "अठ्ठावीस, आठवलं गं मला." ओल्या पोत्यांचा वास. पायाखाली चिकचिक. एक हिरवं दार. "पण म्हातारी बाई नव्हती. आणि रडत होतं ते मी नव्हते. दुसरंच कुणीतरी रडत होतं." मग हाताबद्दल बोलल्या. हात सुटला म्हणाल्या. लहान हात होता, माझ्यापेक्षा लहान. हे सांगताना त्या स्वतःच्या उजव्या तळहाताकडे बघत होत्या, जसं काही तिथे काहीतरी लागलंय आणि निघत नाहीये.

तिसऱ्या वेळी तर सगळंच. हातात बटणांची पुडी होती. त्या लहान हाताच्या मुलीला त्या आठवणीत एका नावाने हाक मारत होत्या, नाव येत नव्हतं, जिभेवर येऊन परत जात होतं. आणि मग, "मी एकटी घरी आले. रस्ता मला माहीत होता." हे अगदी सपाट आवाजात.

ताईने रेकॉर्डिंग ऐकलं आणि आठवण किती स्पष्ट आहे त्याला सातपैकी सात दिले. आमच्या सगळ्या अभ्यासात सातपैकी सात कुणालाच नव्हते. म्हणाली, "तुझी बाई म्हणजे सोनं आहे." खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी मैत्रिणींना पार्टी दिली. 

मग खरं सांगायचा दिवस. मी ठरलेलं सगळं वाचलं. चौथी गोष्ट आम्ही बनवलेली होती, तुमच्याबाबतीत ती घडलेली नाही, मन मोकळ्या जागा भरून काढतं, असं पुष्कळांचं होतं.

काकू ऐकत होत्या. "सगळंच बनवलेलं?"

"हो काकू."

"मग हात कुणाचा?"

कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. मी परत म्हटलं, मन मोकळ्या जागा भरून काढतं. त्यांनी सही केली. पेन नीट टोपण लावून ठेवलं. म्हणाल्या, "बरं झालं. खोटं आहे ते बरंच झालं," आणि गेल्या.

दहा-बारा दिवसांनी मी जीन्स आणायला गेले. घातली तर एक पाय दोन बोटं आखूड. काकूंच्या हातून असं? मी चेष्टेत म्हटलं, "काकू, माझा एक पाय वाढला का?" त्या हसल्या नाहीत. जीन्स हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"ते जात नाही गं," त्या म्हणाल्या.

"काय जात नाही?"

"तुम्ही घातलेलं. तू म्हणालीस खोटं आहे. मी मानलं. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला येतं. इथे, मशीनवर बसले की. हात येतो हातात आणि मग नसतो. तुम्ही घातलंत ना, मग तुम्हीच काढा. काढता येत असेल की."

 मी म्हटलं अक्कांशी बोलला का. त्यावर त्या मान खाली घालून धागा ओवायला लागल्या. तीनदा चुकला. मग सांगितलं. त्यांची आई शेवटची दोन वर्षं भ्रमिष्ट झाली होती. घरात तिघीच, तरी जेवायला चार ताटं घ्यायची. दुपारी चार वाजले की दारात जाऊन उभी राहायची आणि कुणी आत बोलावलं तर म्हणायची, थांबा गं, अजून एक यायचीय. "लोक म्हणायचे वेड लागलं. लागलंच होतं. आता मलाही चारलाच होतंय. अक्काला सांगितलं तर ती काय समजेल? तिने आईचं सगळं काढलंय. माझंही काढायला लागेल आता."

त्या रडल्या वगैरे नाहीत. जीन्सचा दुसरा पायही तेवढाच आखूड करून दिला.

मी तिथून धावत लॅबमध्ये गेले. तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच, आपण बाईला वेड लावलं. त्यांची फाइल काढली, काही तरी सापडेल म्हणून, काय ते माहीत नाही. फोनचा फॉर्म सगळ्यात वर होता. सहावा प्रश्न, माझी टिक, निळ्या पेनाची, घाईत जरा लांब ओढलेली. मी त्या टिककडे बघत बसले. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

फोन तिथूनच केला. "अक्का, मी लॅबमधून बोलतेय, एक प्रश्न राहिला होता." आणि फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं.

 मला वाटलं फोन कट झाला. मग त्यांचा आवाज आला, पण वेगळाच, एकदम खालचा. "हे तुला कुणी विचारायला सांगितलं?"

"सगळ्यांनाच विचारतो अक्का."

"उद्या ये. ती दुकानात असेल तेव्हा ये."

दोन खोल्यांचं घर, इतकं आवरलेलं की बसायला भीती वाटावी. भिंतीवर आई-वडिलांचा फोटो, बाकी एकही नाही. अक्कांनी चहा ठेवला, दिला, आणि समोर बसून ऑफिसातला कागद वाचावा तसं सांगितलं. तीन बहिणी होत्या. सर्वात धाकटी चार वर्षांची. आईने धाकट्या दोघींना बटणं आणायला पाठवलं होतं, कोपऱ्यावरच्या बाजारात, रोजचाच रस्ता. मधली एकटी परत आली. हातात पुडी होती. दुपारचे चार वाजले होते.

"सापडली नाही?"

"नाही. नऊ दिवस शोधली. मग वडील म्हणाले आता घरात नाव काढायचं नाही. फोटो त्यांनी जाळले. आम्ही ते गाव सोडलं. ही महिनाभर तापाने पडून होती. उठली तर काही विचारीना. आम्हीही नाही विचारलं. मला वाटलं विसरली, सुटली बिचारी." त्यांनी माझा रिकामा कप उचलून परत तिथेच ठेवला. "पण आजही बाजारात जात नाही. धागे, बटणं सगळं पोचवायला माणूस येतो. तिला वाटतं ती आळशी आहे."

मी सांगून टाकलं. मला राहवत नाही, मी सगळं सांगून टाकलं, चौथी गोष्ट, पोती, हिरवं दार, लहान हात, आणि मी त्यांना सांगितलं की हे घडलंच नाही.

अक्का म्हणाल्या, "मग राहू दे ना तसंच. तू खोटं म्हणालीस, तिने मानलं. सत्तेचाळीस वर्षं मी सांभाळलंय, आणखी किती राहिलीत."

"त्यांनी नाही मानलं. त्यांना वाटतंय त्या आईसारख्या व्हायला लागल्यात."

हे अक्कांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. एवढंच म्हणाल्या, "आईला वेड नव्हतं लागलं. मला माहीत होतं आणि मी सगळ्यांना वेडच सांगत होते. हिलासुद्धा."

त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. मी मागे मागे.  दुकानात काकू कुणाच्या तरी पँटला झिप लावत होत्या, तोंडात टाचण्या. अक्कांना बघून म्हणाल्या, "इकडे कुठे? गॅस संपला?" अक्का गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. दम लागला होता. आणि मग एक नाव घेतलं. दोन अक्षरी, लाडाचं, कुठल्याही घरात असेल असं.

काकूंनी एक एक टाचणी तोंडातून काढली आणि उशीत खोचली. 

"होती?" काकूंनी विचारलं.

"होती."

"धाकटी?"

"चार वर्षांची."

काकूंनी मान हलवली, एखादं माप लिहून घ्यावं तशी. मग विचारलं, "मी हात सोडला का गं अक्का?"

"मला काय माहीत. मी घरी होते."

"आई काही म्हणाली होती?"

"आईने तुला कधीच विचारलं नाही."

"म्हणजे तिला वाटत होतं मी सोडला."

 काकू माझ्याकडे वळल्या. "माझं बोलणं तू रेकॉर्ड केलंयस ना. मी म्हणाले होते, हात सुटला. सुटला म्हणाले की सोडला म्हणाले? मला ऐकायचंय."

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, काकूंचं सगळं अभ्यासातून बाद करा, पण आवाज त्यांचा आहे, त्यांना ऐकवा. ताईने फॉर्म बघितला, माझी टिक बघितली, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे यादीत लिहायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आल्या. दोन खुर्च्यांच्या खोलीत तिसरी खुर्ची आणली. मी दुसऱ्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लावलं. काकूंचा आवाज आला, पोती, चिकचिक. "हिरवं दार आहे. मी दारापाशी उभी आहे. आणि..." मग शांतता. पंख्याचा आवाज. बाहेरून कुणाच्या तरी चपला. आणि मग माझा आवाज, उत्साहाने भरलेला, "कुणी होतं का बरोबर? हात सुटला का तुमचा?" आणि काकू, हळू, "हो. हात सुटला. लहान होता. माझ्यापेक्षा लहान."

म्हणजे तो शब्द माझा होता. हे रेकॉर्डिंग मीच ऐकून टाइप केलं होतं, माझा प्रश्नही मीच टाइप केला होता, आणि तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. कुणी गप्प झालं की किती सेकंद ते कंसात लिहायचं असतं, तेही लिहिलं होतं, अकरा. आणि समोरचा गप्प झाला की पंधरा सेकंद आपण काही बोलायचं नाही हा लॅबचा नियम. मला गप्प बसवत नाही.

मी म्हटलं, "काकू, हात सुटला हे मी म्हटलं. आधी मी म्हटलं. तुम्ही म्हटलं नव्हतं. आता ते तुमचं की माझं, सांगता येणार नाही. कुणालाच."

"म्हणजे मी सोडला नसेल?"

"माहीत नाही."

"धरलेलाही असेल. तिनेच सोडवून घेतला असेल. किंवा धरलाच नसेल मुळात." काकू एकेक बाजूला ठेवल्यासारखं म्हणत होत्या. अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांना कळलाही नसावा. मग म्हणाल्या, "परत लाव."

मी लावलं.

"इथे थांबव. ह्याच्या आधी." त्यांनी बोट रेकॉर्डरकडे केलं. "मी 'आणि' म्हणाले ना, तिथे. मला दिसत होतं. मी दारापाशी होते आणि ती कुठे चाललीय ते दिसत होतं मला. मग तू बोललीस आणि गेलं."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परत लावलं. आणि परत. प्रत्येक वेळी तिथे यायचं, दार, "आणि", पंखा, चपला, आणि मग मी. चौथ्या वेळी माझा आवाज यायच्या आधीच मी बटण दाबलं. काकूंनी डोळे मिटले होते. टेप गळ्यात, दोन्ही टोकं मुठीत घट्ट. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या, मी टेबलाकडे. पंधरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. आम्ही दोघी काही बोललो नाही.